तीन सूत की अडीच सूत: एका पूल क्यूच्या जॉइंटच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४

कामाचं स्वरूप. पूल क्यू, म्हणजे पूल खेळताना चेंडू मारायची काठी. एकूण लांबी ५८ इंच, मधोमध जोड (जॉइंट), म्हणजे २९ इंचाचे दोन भाग: मागचा बट आणि पुढचा शाफ्ट. बटाचा पुढचा भाग (फोरआर्म) कॅनेडियन हार्ड मेपल, मूठ आणि मागची स्लीव्ह शिसवी, शाफ्ट मेपल. टिप १२.७५ मिमी, जॉइंटवर जाडी २१.४ मिमी. वजन १९ औंस म्हणजे ५३९ ग्रॅम. तोल मागच्या टोकापासून साडेअठरा इंचांवर हवा, पाव इंच इकडेतिकडे चालेल. शाफ्ट दोन करायचे आहेत. त्यामुळे जॉइंटच्या पिनला (बटातून बाहेर येऊन शाफ्टमध्ये फिरणारा स्क्रू) आज जो आटा ठरेल तोच दुसऱ्या शाफ्टलाही पाळायचा.

क्यू ठाण्यात राहणार. पावसाळ्यात क्लबच्या एसीत तीन तास, मग दमट हवेतून घरी, असा रोजचा प्रवास. ही ओळ मुद्दाम पहिल्याच पानावर लिहिली आहे. पिन निवडताना लोक ‘फील’वर तासभर बोलतात आणि लाकूड कुठे राहणार हे विचारतही नाहीत.

१५ एप्रिल

टेबलावर चार पर्याय मांडले.

पहिला ५/१६-१४, आपल्या भाषेत अडीच सुती पिन (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला १४ आटे. बटावर स्टेनलेस कॉलर (बाहेरची कडी), शाफ्टमध्ये पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) आणि त्या इन्सर्टचं पुढे आलेलं नाक कॉलरच्या खाचेत बसतं. या नाकाला पायलट म्हणतात. ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांच्या क्यूंमुळे ही रचना नावाजली. जॉस आणि शॉन या क्यू कंपन्या आजही तीच वापरतात. इन्सर्ट पितळी असण्याला कारण आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस फिरवलं की आटे एकमेकांना खातात आणि एक दिवस तिथेच जाम होतात.

दुसरा ५/१६-१८. म्यूची कंपनी हा वापरते. जाडी तीच, आटे बारीक. इन्सर्ट असेल तर हरकत नाही, थेट लाकडात मात्र नकोच.

तिसरा ३/८-१०, तीन सुती, इंचाला १० आटे. मॅकडरमॉटच्या बहुतेक क्यूंमध्ये हाच असतो. सपाट तोंडाला सपाट तोंड, पायलट नाही. पिन जाड, आटा मोठा, त्यामुळे थेट लाकडातही टॅप मारता येतो, म्हणजे टॅप या हत्याराने आटे पाडता येतात.

चौथा रेडियल. जाडी तीन सूतच, पण इंचाला ८ आटे आणि आट्याचा तळ धारदार नसून गोलसर. लाकडाला हा सगळ्यात कमी दुखवतो, कारण कोपरा नसल्यामुळे चीर सुरू व्हायला जागा मिळत नाही. पिन अप्रतिम. तोटा एवढाच की टॅप त्याचाच लागतो, दुसऱ्या कशाने भागत नाही.

युनि-लॉकसारखे झटपट उघडणारे जॉइंट विचारात घेतले नाहीत. इन्सर्ट कंपनीचा, बसवायची हत्यारं कंपनीची आणि वजन आपल्या हातात राहत नाही. साउथ वेस्ट कंपनीचा ३/८-११ही बाजूला ठेवला. तो १० च्या इतका जवळचा आहे की कुणीतरी कधीतरी चुकीचा शाफ्ट जोर लावून फिरवणार.

पुढेमागे कार्बन शाफ्ट घ्यायचा झाला तर ५/१६-१४, ३/८-१०, रेडियल आणि युनि-लॉक हे चारही बाजारात मिळतात. पण ३/८-१० वर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एका कारागिराच्या पिनचा तळ सपाट, दुसऱ्याचा टोकदार, तळाचा व्यास वेगळा. नाव एकच, तरी एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या पिनवर कधी करकचून बसतो तर कधी खुळखुळतो.

२१ एप्रिल

वजनाचा हिशेब. हा आधी केला तर निम्मे वाद आपोआप मिटतात.

जॉइंटची पिन सोडून बाकी सगळं धरून बट ३५६ ग्रॅम भरला, त्याचा तोल मागच्या टोकापासून १२ इंचांवर. शाफ्ट ११४ ग्रॅम, तोल जॉइंटच्या पुढे १२.२ इंचांवर, म्हणजे मागून ४१.२. दोन्ही मिळून ४७० ग्रॅम. उरलेले ६९ ग्रॅम पिन आणि मागचा वजनाचा बोल्ट यांनी भरायचे. पिन ३ इंच लांब. सव्वा इंच बाहेर, पावणेदोन इंच बटात. तिचा मध्य मागून २८.७५ इंचांवर येतो. बोल्ट ३ इंचांवर.

तीन सुती पिन स्टेनलेसची घेतली तर साधारण ३५ ग्रॅम, टायटॅनियमची २०, जी-१० म्हणजे ग्लास-इपॉक्सीची ८ ग्रॅम. प्रत्येक वेळी बोल्ट कमीजास्त करून एकूण ५३९ च ठेवलं:

स्टेनलेस, बोल्ट ३४ ग्रॅम: तोल १८.७ इंच.
टायटॅनियम, बोल्ट ४९ ग्रॅम: १८.० इंच.
जी-१०, बोल्ट ६१ ग्रॅम: १७.४ इंच.

अडीच सुती पिन, स्टील कॉलर आणि पितळी इन्सर्ट मिळून अंदाजे ६५ ग्रॅम जॉइंटपाशीच बसतात. मग बोल्टला ४ ग्रॅम उरतात आणि तोल जातो २०.२ इंचांवर. पुढे जड. काही खेळाडूंना तसंच आवडतं, पण इथे मागितलेलं नाही. शिवाय पुढे हँडलवर रॅप (वेष्टन) चढवायचं ठरलं तर वजन सावरायला जागाच राहत नाही.

स्टेनलेस आणि जी-१० यांच्यात २७ ग्रॅमचा फरक, पण तोल हलतो १.३ इंच. कारण २७ ग्रॅम पुढून काढून तेवढेच मागे घालावे लागतात. जॉइंट बदलल्यावर ‘हिट बदलला’ म्हणतात त्यातला बराच भाग हा असतो. वजनकाट्यावर एकूण आकडा तोच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

२३ एप्रिल

एम१० ची स्टेनलेस स्टड बार लावावी अशी सूचना आली. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, टॅपही मिळतो. नाही. आट्याचं अंतर दीड मिमी, म्हणजे लाकडात उरणारी प्रत्येक कडा जेमतेम पाऊण मिमीची. पाच-पन्नास वेळा जोडलं-सोडलं की कडा पिठासारख्या झडतात. ३/८-१० मध्ये हेच अंतर २.५४ मिमी आहे. आणि एम१० चा तयार शाफ्ट सहजी मिळत नाही.

२८ एप्रिल

थेट लाकडात आटे की इन्सर्ट? हे वाद घालून ठरत नाही म्हणून डबा लावला.

हवाबंद स्टीलचा डबा. तळाशी वाटीत जाड मीठ आणि त्यावर थोडंसंच पाणी. ओल्या वाळूसारखा लगदा व्हायला हवा. मीठ पूर्ण विरघळलं तर प्रयोग फसला, तळाशी न विरघळलेले खडे दिसतच राहिले पाहिजेत. अशा मिठावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर राहते. पावसाळा त्याहून ओला असतो, पण सतत नसतो. रोजच्या वापराला ७५ हा रास्त आकडा आहे. वाटीवर जाळी, जाळीवर नमुने. मिठाचा लाकडाला स्पर्श होऊ द्यायचा नाही.

नमुने एकाच मेपल डोवेलमधून (गोल दांड्यातून) कापलेले, २१.४० मिमी जाड, ६० मिमी लांब, पॉलिश न केलेले:

क. थेट लाकडात ३/८-१० टॅप, बाहेरून काही नाही.
ख. थेट लाकडात टॅप, पण तोंडाशी १६ मिमीचा टेनन (बारीक केलेलं टोक) करून त्यावर कापडी हायलमची (कापड आणि राळ दाबून केलेलं कडक साहित्य) कॉलर.
ग. लाकडात १४ मिमीचा बोअर (भोक), त्यात कापडी हायलमची टोपीवाली बुश (नळी), आटे बुशमध्ये.

क चं वजन १३.६ ग्रॅम. तिन्हींवर वार्षिक रेषांच्या दिशेने आणि त्यांना आडव्या दिशेने पेन्सिलीने खुणा केल्या. त्या खुणांवरच मायक्रोमीटर लावायचा, नाहीतर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

५ मे

डबा बंद. दरम्यान एक हिशेब भिंतीवर चिकटवला, सगळ्यांना दिसेल असा.

जॉइंटचं तोंड २१.४ मिमी रुंद. ते काटकोनात नसून एका बाजूला फक्त ०.०२ मिमी कमी असेल, तर ७३७ मिमी पुढे टिपेला किती फरक? ०.०२ भागिले २१.४ गुणिले ७३७, म्हणजे ०.६९ मिमी. क्यू लोळवली की टिप याच्या दुप्पट नाचते. ०.०२ मिमी म्हणजे एक थाऊ, इंचाचा हजारावा भागसुद्धा नाही.

पिन तोंडांना एकमेकांवर दाबून धरते, एवढंच तिचं काम. सरळपणा तोंड देतं. पिन कितीही नामांकित असो, फेसिंग (तोंड सपाट करायचा कट) वाकडं तर क्यू वाकडी.

दुसरी गोष्ट डिफ्लेक्शनची. टिप चेंडूला साधारण एक सहस्रांश सेकंद टेकलेली असते. साइड लावून, म्हणजे मध्याच्या बाजूला टिप टेकवून मारल्यावर पांढरा चेंडू किती बाजूला पळतो हे टिपेकडच्या काही इंचांतल्या वजनावर ठरतं. जॉइंट तिथून २९ इंच मागे. म्हणून पिन बदलून डिफ्लेक्शन कमी होईल असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. आवाज, हाताला येणारी थरथर आणि तोल मात्र पिनने नक्की बदलतात. लाकडातून उभ्या दिशेने आवाज सेकंदाला चार हजार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे टिपेपासून जॉइंटपर्यंत जाऊन परत यायला अर्धा सहस्रांश सेकंदही लागत नाही. जॉइंट ढिला असेल तर हाताला कळणारच.

२६ मे

चार आठवडे झाले, डबा उघडला.

क: वजन १४.१ ग्रॅम. एका दिशेने २१.६९, दुसऱ्या दिशेने २१.५३ मिमी. गोल राहिलेला नाही. मेपल वार्षिक रेषांच्या बाजूने जितकं फुगतं त्याच्या निम्म्यानेच आडव्या दिशेने फुगतं, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. पिन आत जाते, उलट जरा सैलच, पण प्रत्येक फेऱ्यात दोन ठिकाणी अडखळते. लाकूड मोकळेपणी फुगलं की त्यातलं भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं, आणि तेही लंबगोल.

ख: इथे उलटं. पाच आट्यांपर्यंत बरं, मग घट्ट, शेवटचे तीन फेरे फडकं धरून पिळावे लागले. बाहेरची हायलम कॉलर फुगत नाही. लाकडाला बाहेर जायला जागा नाही म्हणून ते आत सरकतं आणि पिनला आवळतं. ‘पावसाळ्यात शाफ्ट निघत नाही’ या तक्रारीचं मूळ इथे आहे. त्यावर लोक तेल सोडतात. तेल लाकडात जिरतं, आटे मऊ पडतात आणि हिवाळ्यात तोच शाफ्ट डुलायला लागतो.

ग: पिन पहिल्या दिवशी होती तशीच. मात्र लाकूड फुगून टोपीच्या कडेबाहेर आलं आहे, एका बाजूला ०.१५ मिमी. नखाला सरळ लागतं. पॉलिश केलेल्या शाफ्टला हे बरंच कमी होईल, पण शून्य होणार नाही. हा दोष मान्य करूनच पुढे जायचं.

तिन्ही नमुने आता सिलिका जेलच्या डब्यात, तीन आठवडे.

१ जून

निर्णय. ३/८-१०, स्टेनलेस पिन, सपाट तोंड, शाफ्टमध्ये कापडी हायलमची टोपीवाली बुश. बटाच्या तोंडालाही त्याच हायलमची कॉलर, म्हणजे हायलमवर हायलम टेकेल.

रेडियल का नाही? त्याचा मोठा गुण लाकडी आट्यांशी सौम्य वागणं हा आहे. आटे हायलममध्येच जाणार असतील तर त्या गुणाचा इथे उपयोग उरत नाही. शिवाय चढ जास्त असल्यामुळे आटे मेणाने गुळगुळीत झाले की तो जास्त लवकर ढिला पडतो.

अडीच सुती पायलट का नाही? तोलाचं वर लिहिलंच आहे. दुसरं म्हणजे पायलटमध्ये तीन मापं एकाच वेळी जुळावी लागतात: नाकाचा व्यास, नाकाची उंची आणि तोंड. नाक दोन शतांश मिमीने जरी लांब राहिलं तरी ते खाचेच्या तळाला आधी टेकतं, तोंडं भिडतच नाहीत आणि सगळा क्यू नाकावर उभा राहतो. व्यास सैल राहिला तर पायलट असून नसून सारखाच. नीट केलेला पायलट जॉइंट उत्तमच असतो. दुसरा शाफ्ट वर्षभराने बनवताना तो तितकाच नीट जमेल याची खात्री कमी.

क्लबातल्या स्नूकरवाल्यांनी ‘पितळी का नाही’ असं विचारलंच. स्नूकरची तीन-चतुर्थांश क्यू असते, जोड मुठीजवळ येतो, तिथे पितळेचं वजन मागच्या बाजूला जातं आणि उपयोगीही पडतं. इथे जोड मधोमध आहे.

८ जून

पाच पिना तपासल्या. दोन्ही टोकांच्या सेंटरमध्ये धरून बाहेरच्या सव्वा इंचावर डायल (फिरवताना किती डुलते ते दाखवणारा मापक) लावला. दोन पिना ०.०५ मिमीच्या वर गेल्या, बाजूला काढल्या. सगळ्यात चांगली ०.०१. तळाचा व्यास ७.८२ मिमी.

बट लेथच्या स्पिंडलमधून आरपार, पुढे चक (पकड), मागे चक, दोन्हीकडे प्लास्टिकच्या कॉलेट (आवळणाऱ्या कड्या). तोंडापासून १० मिमीवर आणि ६० मिमीवर, दोन्ही जागी डायल ०.०२ च्या आत येईपर्यंत पुढे काही करायचं नाही. पाऊण तास गेला. एकाच जागी तपासून समाधान मानलं की बट तोंडाशी बरोबर आणि आत तिरका बसतो, मग पिनही तिरकी.

आधी ७ मिमीचं ड्रिल, ४८ मिमी खोल. मग बोरिंग बारने ७.९५ पर्यंत, तीन कटात. ड्रिलनेच शेवटचं माप काढायचा मोह होतो, पण ड्रिल लाकडाच्या रेषेमागे जातं. कडक रेषेला अडलं की मऊ बाजूला सरकतं. तोंडाशी बरोबर दिसलं तरी दीड इंच आत ते ०.२ मिमी बाजूला गेलेलं असतं. बोरिंग बार एका बाजूने खरडतो, तो रेषेला भीक घालत नाही.

टॅप हाताने, टेलस्टॉकचा (लेथच्या टोकाच्या आधाराचा) सेंटर मागे टेकवून. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, दर तीन फेऱ्यांनी बाहेर काढून ब्रशने साफ.

९ जून

पिन चिकटवली. चिकटवायच्या पावणेदोन इंचांवर ८० नंबरचा पेपर फिरवला, ॲसिटोनने दोनदा पुसली. त्यानंतर बोट लावायचं नाही. त्याच भागावर कानशीने एका बाजूला मिमीभर रुंद सपाट पट्टी काढली. ही पट्टी विसरली तर भोकातली हवा आणि चिकट बाहेर यायला वाट राहत नाही. पिन पिचकारीच्या दट्ट्यासारखी काम करते. नशीब चांगलं असेल तर ती रात्रीतून दोन मिमी वर येते, वाईट असेल तर फोरआर्मला उभी चीर जाते. टेननची भिंत इथे जेमतेम सव्वातीन मिमी आहे हे विसरू नये.

स्टँडर्ड अराल्डाइट, वजनाने १०० ला ८०. पाच मिनिटांवालं नको. ते पुढे ठिसूळ होतं आणि पिन आत हलायला लागली की टिकटिक येते. भोकात आणि पिनवर काडीने. कॉलरही याच वेळी. बाहेरच्या आट्यांवर मेण लावून ठेवलं होतं, सांडलेलं चिकट टोचून निघालं. बट उभा टांगून ४८ तास.

११ जून

पिनच्या बुडाशी ०.०२, टोकाला ०.०४. चालेल. टोकाला ०.०५ च्या वर गेली असती तर गरम करून काढावी लागली असती. पिन वाकवून सरळ करायचा प्रकार करू नये. ती आटा संपतो तिथे वाकते आणि फेरागणिक तोंड एका बाजूने उघडतं.

१५ जून

बुश. कापडी हायलमचा २५ मिमी रॉड. मागचा भाग १४ मिमी जाड, ३६ मिमी लांब; पुढची टोपी ४ मिमी जाड, व्यास सध्या २२. बोअर ७.९५, टॅप कोरडाच, धूर-धूळ भरपूर, मास्क घालूनच. पातळ तेल लावलं की हायलमची भुकटी चिखल होऊन आट्यात बसते.

पहिली बुश वाया गेली. टॅप तळाला टेकल्यावर आणखी पाव फेरा फिरला आणि टोपी मुळाशी टचकन तुटली. दोन सुधारणा केल्या: भोक आरपार ठेवलं आणि १४ चा भाग टोपीला मिळतो तिथल्या चौकोनी कोपऱ्याऐवजी अर्धा मिमी गोलाई दिली. शाफ्टच्या बोअरच्या तोंडालाही तेवढीच चॅम्फर (तिरपी कड). दुसरी बुश बरोबर निघाली.

पहिल्या तीन मिमीत आटेच नाहीत, ९.७ चा साधा बोअर. हे प्रत्येक सपाट जॉइंटला करावं. पहिला आटा तोंडापर्यंत ठेवला तर पिन आवळताना तो वर ओढला जातो, तोंडावर बारीक उंचवटा येतो आणि दोन्ही तोंडं त्या उंचवट्यावर टेकतात. बाहेरून कड मिटलेली दिसत नाही आणि कारण आत लपलेलं असतं.

१६ जून

कोरड्या डब्यातून नमुने बाहेर. पिन पूर्ण आवळण्याआधी टोकाशी हलवून खेळ मोजला. ग सुरुवातीला ०.०५ होता, आताही तोच. ख ०.०५ वरून ०.२ वर. फुगताना कॉलर आणि पिन यांच्यात चिरडलेलं लाकूड सुकल्यावर पूर्वपदाला येत नाही, मूळ होतं त्याहून लहान होतं. कुऱ्हाडीचा दांडा एका पावसाळ्यानंतर हलायला लागतो तोच प्रकार. निर्णय कायम.

२२ जून

बुश शाफ्टमध्ये चिकटून आठवडा झाला, आज फेसिंग. क्रम महत्त्वाचा: टॅप आधी, चिकटवणं मग, फेसिंग सगळ्यात शेवटी. आधी फेसिंग करून ठेवलेली बुश चिकट सुकताना केसभर तिरकी होते आणि वरचा ०.०२ चा हिशेब परत आठवावा लागतो.

नवी धार लावलेलं टूल, एका कटात ०.०५. बाहेरून आत जाताना मध्यभाग अगदी किंचित खोल, साधारण ०.०२, म्हणजे बाहेरची कड आधी टेकेल. याहून खोल नको; मग फक्त कडेवरच भार येतो.

तपास दोन तऱ्हांनी. बटाच्या तोंडाला मार्किंग ब्लूचा (कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात, शाफ्ट आवळून सोडला: निळी कडी साधारण तीन-चतुर्थांश गोल उमटली, एका बाजूला तुटक. ०.०२ चा आणखी एक कट. आता पूर्ण कडी. मग ट्यूबलाइटसमोर धरून, पूर्ण आवळण्याच्या अर्धा फेरा आधीपासून हळूहळू आवळत: फट सगळीकडून एकाच वेळी मिटली पाहिजे. एका बाजूने आधी मिटत असेल तर ब्लू काहीही सांगो, काम बाकी आहे. मिटली.

२९ जून

जोडून टोपी आणि कॉलर एका कटात २१.४ ला आणल्या, मग पॉलिश. टोपीच्या मागे लाकडाच्या जोडावर पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) दोनदा, कारण ओल शिरते ती तिथूनच.

काचेवर लोळवली: बट वेगळा, शाफ्ट वेगळा, मग जोडून. तिन्ही ठीक. वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर नाचतात असं असेल तर दोष तोंडात. शाफ्ट एकटाच नाचत असेल तर जॉइंटला बोल लावू नये.

मारून पाहिल्यावर बारीक टिकटिक आली. सगळ्यांची बोटं जॉइंटकडे. जॉइंट दोन बोटांत घट्ट धरून, बट टेबलाच्या रबरावर हलका आपटला: आवाज मागून. वजनाचा बोल्ट एक फेरा ढिला होता. आवळला, गेला. जॉइंट उघडण्याआधी नेहमी मागून सुरुवात करावी; बंपर (बुडाचं रबर), बोल्ट, मग पुढे.

६ जुलै

अंतिम वजन ५४१ ग्रॅम, तोल १८.६ इंच. पॉलिश आणि टोपीचे दोन-तीन ग्रॅम हिशेबात नव्हते, बाकी आकडे जुळले. जॉइंट कॅप दोन्ही बाजूंसाठी केल्या, कारण उघड्या तोंडावर धूळ बसते आणि खडूचा एक कण तोंडात अडकला तरी ०.०२ च्या कितीतरी पट असतो. आट्यांना मेणबत्तीचं मेण, एकदाच, फिरवून पुसून. तेल कधीही नाही.

१७ ऑगस्ट

ठाण्याहून तपासणीला आली. पिन पहिल्यासारखीच फिरते, साधारण अकरा फेरे, शेवटचा अर्धा बोटांच्या जोरावर. निळी कडी पूर्ण. टोपी आणि लाकूड यांच्यात एका बाजूला ०.०३ ची पायरी, नखाला शोधून लागते. घासायची नाही, डिसेंबरात लाकूड आत जाईल आणि आज घासलेली जागा तेव्हा खड्डा होऊन दिसेल.

दुसऱ्या शाफ्टसाठी माप: बोअर ७.९५, टॅप हाच (पाकिटावर लाल खूण), तोंडाशी ३ मिमी बोअर ९.७, बुश त्याच रॉडच्या उरलेल्या तुकड्यातून. मेपलचे डोवेल पावसाळा संपेपर्यंत टांगलेले राहू द्यावेत, कापायला नोव्हेंबरात घ्यावेत.